उन्हाळी वर्गाच्या दाराबाहेर

वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला की कोथरूडचे रूप पालटते. कर्वे पुतळ्यापासून पौड रस्त्यापर्यंत विजेच्या खांबांवर, सोसायट्यांच्या फाटकांवर आणि (झाडांना खिळे ठोकू नयेत असे दरवर्षी सांगूनही) झाडांच्या बुंध्यांवर उन्हाळी वर्गांचे फलक झळकू लागतात. संस्कार वर्ग, छंदवर्ग, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, साहस शिबिर, नाट्य शिबिर, वैदिक गणित, रोबोटिक्स. कोणी दहा दिवसांत वक्तृत्व शिकवतो, कोणी पंधरा दिवसांत पोहायला. मामाच्या गावाला जाण्याची सोय ज्यांची संपली त्या शहरी मुलांसाठी हे वर्ग म्हणजे एक मोठाच आधार झाला आहे, आणि आम्ही त्यांची थट्टा करणार नाही. मामाच आता बंगळुरूला किंवा बोस्टनला असतो. आई-वडील दोघेही सकाळी नऊला घर सोडतात. आजी-आजोबा दुसऱ्या उपनगरात असतात. अशा वेळी कोणी चार जाणती माणसे आपल्या मुलांना सकाळचे तीन तास मैदानावर धावायला लावतात, चार गाणी, चार गोष्टी, सूर्यनमस्कार आणि लगोरी शिकवतात, याचे मोल पालकच जाणतात. पुण्याला तर या गोष्टीची मोठी परंपरा आहे. कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर उन्हाळ्यात घाम गाळलेल्या पुणेकरांच्या कित्येक पिढ्या आज आजोबा-पणजोबा होऊन बसल्या आहेत. सारसबागेसमोरच्या गरवारे बालभवनात शोभा भागवत यांनी मुलांच्या मोकळ्या खेळाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, तिचा परिणाम पुण्याबाहेरही झाला.

प्रश्न या वर्गांत काय शिकवतात याचा नाही. त्यांच्या दारातून कोण आत जातो आणि कोण परत फिरतो, याचा आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. भाचीच्या मुलाचे नाव नोंदवायला आम्ही कोथरूडमधल्याच एका वर्गाच्या नोंदणीच्या टेबलासमोर रांगेत उभे होतो. आमच्या पुढे एक बाई होत्या. त्यांचा हात घट्ट धरून नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा उभा होता. तो एका लयीत पुढे-मागे डुलत होता आणि टेबलावरच्या पंख्याच्या फिरणाऱ्या पात्यांकडे टक लावून पाहत होता. बाईंनी अर्ज भरला, पैसे पुढे केले. टेबलामागच्या गृहस्थांनी मुलाकडे पाहिले, अर्जाकडे पाहिले, आणि आवाज शक्य तितका मऊ करून म्हणाले, "ताई, खरं सांगू का, आमच्याकडे तशी सोय नाही हो. इतकी मुलं असतात, कार्यकर्ते लहान असतात. उद्या काही झालं तर? तुम्ही त्यांच्यासाठी वेगळे वर्ग असतात, तिथे का नाही विचारत?" बाईंनी वाद घातला नाही. "बरं" म्हणाल्या, पैसे पर्समध्ये ठेवले आणि निघाल्या. त्यांच्या हालचालीत एक सराईतपणा होता; हे उत्तर त्यांना नवे नव्हते. आमचा नंबर लागला. आम्ही अर्ज भरला, पावती घेतली आणि घरी आलो. त्या गृहस्थांना एक शब्दही विचारला नाही. ते वाईट मनुष्य नव्हते. वर्षानुवर्षे स्वतःची सुटी खर्च करून मुलांसाठी राबणारे कार्यकर्ते होते, आणि म्हणूनच त्यांचे "सोय नाही" हे दोन शब्द मनात रुतून बसले. ज्यांच्याकडे सद्भावना भरपूर आहे त्यांच्याकडेही जर सोय नसेल, तर ती असणार कोणाकडे?

त्या बाईंच्या घरातला मे महिना कसा जात असेल, याचा विचार आपण क्वचितच करतो. विशेष मुलांच्या शाळांनाही इतर शाळांसारखीच उन्हाळ्याची सुटी असते. इतर मुलांना सुटी म्हणजे मुक्तता वाटते. पण स्वमग्न मुलाचे सारे जग दिनक्रमावर उभे असते. ठराविक वेळी येणारी शाळेची गाडी, ठराविक बाक, ठराविक बाई हे सारे एका सोमवारी अचानक नाहीसे होते आणि का नाहीसे झाले हे त्याला सांगता येत नाही. मग झोप बिघडते, चिडचिड वाढते, वर्षभरात कष्टाने लागलेल्या सवयी सुटू लागतात. मेंदूच्या पक्षाघाताने ग्रस्त मुलाचा व्यायाम चुकला की स्नायू पुन्हा आखडतात. नोकरी करणाऱ्या आईला दीड-दोन महिन्यांची रजा कोण देणार? कित्येक आयांनी नोकरी सोडली आहे, आणि त्याचे कारण घरातल्यांखेरीज कोणाला माहीत नसते. त्याच घरात बहुधा एक धडधाकट भाऊ किंवा बहीण असते. ती सकाळी पाण्याची बाटली गळ्यात अडकवून वर्गाला जाते आणि भाऊ खिडकीत उभा राहून पाहतो. त्या बहिणीच्या मनात त्या वेळी काय येत असेल, हे तिला कोणी विचारत नाही.

२०२० आणि २०२१ या दोन उन्हाळ्यांत महामारीमुळे सगळ्याच घरांची दारे बंद होती. मैदाने ओस पडली होती, वर्ग भरले नव्हते, आणि घरात कोंडलेले मूल म्हणजे काय याचा अनुभव सदनिकेतल्या प्रत्येक कुटुंबाने घेतला. मुले लठ्ठ झाली, हट्टी झाली, पडद्याला चिकटली, म्हणून केवढी चिंता व्यक्त झाली! वृत्तपत्रांतून मानसतज्ज्ञांची सदरे चालली. ती चिंता योग्यच होती. मात्र साथ ओसरल्यावर बाकीची मुले मैदानावर परतली, आणि काही घरांत दरवर्षीचा उन्हाळा आजही तसाच येतो.

या विषयावर कोथरूडमध्ये बसून लिहिताना एका नावाचे स्मरण अपरिहार्य आहे. ज्या रस्त्यावर हे सारे फलक लागतात त्या रस्त्याला महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव आहे. १८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला आणि १९०० साली तो शहराबाहेर हिंगण्याच्या माळावर, रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या सहा एकर जागेवर नेला. गावाबाहेर नेण्यामागे प्लेगचे कारण होते, तसेच गावाला विधवांची शाळा डोळ्यांसमोर नको होती हेही होते. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून रोज पायी हिंगण्याला जात. त्या मुली कोण होत्या? घराच्या आतल्या खोलीत ठेवलेल्या, मंगल कार्यात समोर येऊ नये असे बजावलेल्या, ज्यांच्यासाठी समाजाकडे "सोय नव्हती" अशा. आज ते हिंगणे कर्वेनगर झाले आहे, शहर त्याला ओलांडून मैलोगणती पुढे गेले आहे, आणि विधवेच्या शिक्षणाला विरोध करणारा मनुष्य औषधालाही सापडणार नाही. समाज बदलतो तो असा. पण प्रत्येक काळ आपापली आतली खोली तयार करत असतो, आणि आपल्या काळातल्या त्या खोलीत कोण बसले आहे हे पाहायला मान वळवावी लागते.

कोथरूडमध्ये तर मान फार वळवावीही लागत नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड या संस्थेची मुलींची अंधशाळा गांधीभवनाजवळ आहे. मानसिकदृष्ट्या अक्षम आणि बहुविकलांग मुलांसाठी काम करणारी 'सावली' कोथरूडमध्येच आहे. जवळच कर्वे समाजसेवा संस्थेत समाजकार्याचे शिक्षण घेणारी तरुण मुले-मुली आहेत. थोडे पलीकडे गणेशखिंडीत राजभवनालगत बालकल्याण संस्थेने अपंग मुलांच्या खेळासाठी आणि मनोरंजनासाठी हक्काची जागा उभी केली. शहराच्या एका भागात इतके ज्ञान, इतका अनुभव एकवटलेला असताना उन्हाळी वर्गाच्या संयोजकाला "तशी सोय नाही" असे म्हणावे लागते, याचा अर्थ दोन रस्ते शेजारून जातात पण एकमेकांना मिळत नाहीत.

आणखी एक रस्ता टेकडीवरून येतो. कोथरूडच्या टेकड्यांच्या उतारावर केळेवाडी, जयभवानीनगर, किष्किंधानगर, सुतारदरा या वस्त्या आहेत. सदनिकांतली धुणीभांडी करणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या मावशी इथूनच येतात. इथलीच मुले इस्त्रीचे कपडे पोहोचवतात. मे महिन्यात या मावशींची मुलेही मोकळीच असतात. आईबरोबर कामाच्या घरी येऊन ती दिवाणखान्याच्या दाराशी बसतात, आणि आतला मुलगा वर्गाला गेलेला असतो. वर्गाची फी या घराच्या महिन्याच्या किराण्याइतकी असू शकते. आम्हांस ठाऊक आहे की पुण्यात याही दिशेने निष्ठेने काम झाले आहे. किशाभाऊ पटवर्धन यांनी १९७९ साली मंगळवार पेठेतून सुरू केलेल्या स्व-रूपवर्धिनीने वस्तीतल्या मुलांमधून जे कर्तृत्ववान तरुण घडवले, त्यांचा या साप्ताहिकाच्या वाचकांना वेगळा परिचय करून द्यायला नको. पण वस्तीतल्या मुलांचा वर्ग वस्तीत, सोसायटीतल्या मुलांचा सोसायटीत आणि विशेष मुलांचा विशेष शाळेत, अशी जी नीटनेटकी विभागणी होऊन बसली आहे, तिच्याबद्दल बोलायची वेळ आली आहे. समरसता हा शब्द आपण व्यासपीठावरून पुष्कळ वापरतो. सोसायटीतल्या मुलाला सुतारदऱ्यातल्या आपल्या वयाच्या एका मुलाचे तरी नाव ठाऊक आहे का, या साध्या कसोटीवर तो शब्द घासून पाहण्यास हरकत नाही.

विशेष मुलांसाठी स्वतंत्र वर्ग घेणाऱ्यांविषयी आम्हांला आदरच आहे. काही मुलांची गरज इतकी तीव्र असते की त्यांना तज्ज्ञांच्या हाताखालीच ठेवावे लागते, आणि सरसकट सगळ्यांना एकत्र आणा असे म्हणणे हा अज्ञानाचा हट्ट होईल. परंतु 'त्यांच्यासाठी' काही करणे आणि 'त्यांच्यासह' काही करणे यांत फरक आहे. पहिल्यात आपण दाते असतो, एक दिवस खाऊ आणि वह्या वाटून येतो, छायाचित्र काढतो. दुसऱ्यात आपला मुलगा आणि तो मुलगा एकाच गटात असतात, एकाच गटाचे गुण जातात किंवा मिळतात, आणि संध्याकाळी घरी आल्यावर आपला मुलगा त्याच्याबद्दल तक्रार करतो. ही तक्रार म्हणजे खऱ्या ओळखीची सुरुवात होय.

जगात या विचाराची एक सुरुवात उन्हाळी दिवस-शिबिरातूनच झाली, हे फारसे कोणाला माहीत नसते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या भगिनी युनिस केनेडी श्रायव्हर यांची थोरली बहीण रोझमेरी बौद्धिकदृष्ट्या अक्षम होती. देशातल्या सर्वांत नामांकित घराण्यांपैकी एक असूनही त्या घरानेही तिला वर्षानुवर्षे लोकांच्या दृष्टीआड ठेवले होते. आपल्या मुलाला उन्हाळी शिबिरात कोणी घेत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या आयांना उत्तर म्हणून युनिस यांनी जून १९६२मध्ये मेरीलँडमधील स्वतःच्या घराच्या आवारात शिबिर भरवले. तीस-पस्तीस मुले आली. जवळजवळ प्रत्येक मुलामागे एक शाळकरी किंवा महाविद्यालयीन स्वयंसेवक होता. पोहणे, घोड्यावर बसणे, चेंडू फेकणे, झाडावर चढणे असे सगळे खेळ ठेवले होते. या मुलांना हे जमणार नाही, इजा होईल, असे त्या काळचे जाणकार सांगत होते. पुढे या शिबिरांतूनच जुलै १९६८मध्ये शिकागो येथे पहिले स्पेशल ऑलिम्पिक्स भरले. अंगणातल्या शिबिरापासून जागतिक चळवळीपर्यंतचा हा प्रवास सहा वर्षांचा. त्या घराकडे पैसा होता, सत्ता होती, हे खरे. पण पहिल्या उन्हाळ्यात उपयोगी पडली ती सुटीत मोकळी असलेली सोळा-सतरा वर्षांची मुले. ती कोथरूडमध्ये काही कमी नाहीत.

आपल्याकडील कायदाही आता नि:संदिग्ध आहे. १९९५च्या अपंग व्यक्ती अधिनियमाची जागा २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने घेतली. तो एप्रिल २०१७पासून लागू झाला. अपंगत्वाचे सातऐवजी एकवीस प्रकार त्यात मान्य झाले, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचा स्पष्ट उल्लेख आला, आणि शिक्षणाबरोबरच खेळ, संस्कृती व मनोरंजन यांतील सहभागही हक्क म्हणून नोंदवला गेला. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख व्यक्तींनी अपंगत्व नोंदवले, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के; महाराष्ट्रात ही संख्या २९ लाखांहून अधिक होती. ती जुन्या, आखूड व्याख्येनुसार झालेली मोजणी होती. कायद्याचा धाक दाखवून उन्हाळी वर्ग चालवावेत असे आम्ही सुचवणार नाही. स्वेच्छेने राबणाऱ्या कार्यकर्त्यामागे कायद्याचे कलम लावले की तो पुढच्या वर्षी वर्गच घेणार नाही.

डिसेंबर २०१५मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि तो रूढ झाला. काही अपंग बंधूंनाच तो रुचला नाही. आमच्यात दिव्य असे काही नाही, आम्हांला फक्त उतरंड बांधून द्या, असे त्यांचे म्हणणे. शब्द प्रेमाने दिलेला आहे आणि ही तक्रारही खरी आहे. जिन्याच्या पाच पायऱ्या शब्द बदलून कमी होत नाहीत.

आता आक्षेपांकडे वळू, कारण ते खरे आहेत आणि त्यांना उडवून लावणे हा या मुलांवरच अन्याय ठरेल. धडधाकट मुलांच्या पालकांना वाटते की आपले मूल तसे वागायला शिकेल, किंवा शिक्षकाचे सारे लक्ष त्या एकाच मुलाकडे जाईल. पहिली भीती निराधार आहे. दुसरी मात्र संयोजन वाईट असेल तर खरी ठरते. पन्नास मुलांमागे दोन ताई असतील तर कोणाकडेच लक्ष जात नाही, आणि मग दोष त्या एका मुलाच्या माथी येतो. संयोजकांना जबाबदारीची भीती असते. मूल फाटकाबाहेर पळाले, फेफरे आले, कोणाला चावले तर? या भीतीवर उपाय म्हणजे पालकांशी आधीच मोकळेपणाने बोलणे. आश्चर्य असे की सर्वांत मोठी भीती विशेष मुलांच्या पालकांचीच असते. त्यांना नकाराची सवय आहे, टवाळीचीही आहे. त्याला नावे ठेवतील, चिडवतील, त्यापेक्षा घरी बरा. ही भीती भाषणाने जात नाही. पहिल्या आठवड्यात मूल हसत घरी आले तरच जाते.

आणखी एक धोका आहे आणि तो चांगल्या माणसांकडून येतो. विशेष मूल वर्गात घेतले जाते, पण त्याला कोपऱ्यात खडू-कागद देऊन बसवले जाते. समारोपाच्या दिवशी त्याला व्यासपीठावर आणून पदक घालतात, टाळ्यांचा कडकडाट होतो, आयांच्या डोळ्यांत पाणी येते. त्या टाळ्या मुलासाठी नसतात. २००७ साली 'तारे जमीं पर' पाहून आपण सगळेच चित्रपटगृहात रडलो होतो, आणि कित्येक शाळांनी तशा मुलांना प्रवेश नाकारला होता. रडणे सोपे असते. लंगडीच्या डावात कुबडी घेतलेल्या मुलीला कसे सामील करायचे, हे शोधायला मात्र डोके लागते, आणि मुले ते मोठ्यांपेक्षा लवकर शोधतात. तिला धावायचे नाही, तिने घर राखायचे आणि हात लावेल तो बाद, असा नियम मुलेच करतात आणि अर्ध्या तासात तो जुना झालेला असतो.

या शोधाला आपल्या मातीत उत्तम उदाहरणे आहेत. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलामुलींनाही मल्लखांब शिकवला. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पाहणाऱ्याला भीती वाटते, पण मल्लखांबात डोळ्यांपेक्षा पकडीला आणि शरीराच्या जाणिवेला महत्त्व असते, हे ज्याला खेळ कळतो त्याला चटकन उमगते. दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये चेंडूत छर्रे असतात, तो वाजत येतो. तसा एक चेंडू लगोरीला वापरला तर अंधशाळेतली मुलगी नेम धरू शकते, आणि डोळस मुलांनाही गप्प राहून ऐकण्याची सवय लागते, जी त्यांना अन्यथा कोणत्याही संस्कार वर्गात लागत नाही. बुद्धिबळ, गाणी, माती, रंग, कागदकाम, तबला, झाडांची ओळख यांत तर फार बदलही करावा लागत नाही.

व्यवहाराकडे येऊ. असा वर्ग निवासी नसावा. दिवसाचाच असावा, सकाळी आठ ते साडेअकरा. पुण्याचा मे महिन्याचा पारा चाळिशीला टेकतो, त्यामुळे दहानंतर मैदान सोडून सावलीत यावे. जागा तळमजल्यावरची हवी आणि स्वच्छतागृहाला पायरी नसावी. कोथरूडमधल्या शाळांच्या इमारती त्या काळात रिकाम्या असतात, त्यांपैकी अशी एक तरी मिळतेच. फाटक बंद राहील आणि तिथे एक माणूस असेल, एवढी काळजी अटळ आहे. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर त्यात पाच-सहा विशेष मुले, आठ-दहा वस्तीतली, बाकी सोसायट्यांमधली. दहा-बारा मुलांचा गट, प्रत्येक गटामागे तीन कार्यकर्ते. विशेष मुलामागे एक ताई किंवा दादा ठरलेला असावा आणि तो रोज बदलू नये. दिवसाचा क्रम चित्रांनी फळ्यावर लावावा: आधी प्रार्थना, मग खेळ, मग पाणी, मग गोष्ट. स्वमग्न मुलाला पुढे काय येणार हे दिसले की त्याची निम्मी बेचैनी कमी होते. आणि खरे सांगायचे तर सात वर्षांच्या कोणत्याही मुलाची होते. एक खोली शांत ठेवावी, जिथे ढोल आणि शिट्टीचा आवाज पोहोचणार नाही. शिट्टी शक्यतो वापरूच नये, काही मुलांना ती असह्य होते. पहिल्या दिवसाआधी विशेष मुलाला आईबरोबर रिकाम्या मैदानावर एकदा आणून सगळे दाखवावे. औषधे, फेफऱ्याचा पूर्वेतिहास, न चालणारे पदार्थ, शौचाला जाण्याची खूण, कशाने तो शांत होतो हे सारे पालकांकडून एका कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद टेबलाच्या खणात न ठेवता त्याच्या दादाच्या खिशात असावा. पहिले तीन दिवस एकच तास आणावे, मग वेळ वाढवावी. एखादे मूल रमले नाही तर तसे मोकळेपणाने कबूल करावे. तो वर्गाचा पराभव नव्हे.

फीचा प्रश्न नाजूक आहे. वस्तीतल्या मुलांना फुकट आणि बाकीच्यांना पूर्ण फी, असे जाहीर केले की पहिल्याच दिवशी दोन रांगा होतात. त्यापेक्षा पाकीट पद्धत चांगली. ज्याला जेवढे झेपेल तेवढे त्याने बंद पाकिटात घालावे, पावती सर्वांना सारखीच. सदरा एकसारखा, खाऊ एकसारखा. घरचा डबा आणायला सांगितला की कोणाच्या डब्यात काय यावरून तुलना सुरू होते. राजगिऱ्याचे लाडू, चुरमुरे, लिंबाचे सरबत हे सर्वांना परवडते आणि सर्वांना आवडते. सुतारदऱ्याच्या चढावरून चाकाची खुर्ची खाली आणायची तर रिक्षा लागेल. ती संघटनेने ठरवावी, पालकांवर सोपवू नये.

कार्यकर्त्यांचा प्रश्न मात्र आम्हांला अडचणीचा वाटत नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चमध्ये संपतात आणि निकालापर्यंत ही मुले घरात लोळत असतात. त्यांना दोन दिवसांचे प्रशिक्षण द्यावे, विशेष शाळेतल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडून. आणि इथे एक गोष्ट विसरू नये. विशेष शाळा साधारण अठराव्या वर्षी संपते. त्यानंतरचे तरुण-तरुणी कुठे जातात? बहुतेक जण घरी बसतात. त्यांना अशा वर्गात मुले म्हणून बोलावणे त्यांचा अपमान ठरेल, पण कार्यकर्ते म्हणून बोलावता येईल. पाण्याचे पेले भरणे, हजेरीच्या वेळी बिल्ले वाटणे, सतरंज्या घालणे आणि गुंडाळणे, लहान गटाला गोष्टीच्या वेळी सांभाळणे अशी कामे त्यांना जमतात. अंधशाळेतून शिकून बाहेर पडलेली एखादी मुलगी गाण्याचा तास घेऊ शकते. त्यांना बिल्ल्यावर 'ताई' आणि 'दादा' असेच लिहावे आणि मानधन देत असाल तर इतरांइतकेच द्यावे.

एका वर्षात कोथरूडभर असे वर्ग उभे राहतील अशी आमची अपेक्षा नाही. एका शाखेने, एका गणेश मंडळाने किंवा एका महिला मंडळाने पुढल्या उन्हाळ्यात एकच वर्ग घ्यावा, सहा विशेष मुलांसह, आणि नीट घ्यावा. तयारी मेमध्ये सुरू केली तर उशीर झालेला असतो. दिवाळीनंतर शाळेकडे जागेचा अर्ज द्यावा, कारण जानेवारीत सगळी मैदाने ठरून जातात. फेब्रुवारीत जवळच्या विशेष शाळेत जाऊन मुख्याध्यापिकेला भेटावे, कोणती मुले येऊ शकतील हे त्यांनाच विचारावे आणि त्या नाही म्हणतील त्या मुलांसाठी हट्ट धरू नये. मार्चमध्ये पालकांच्या घरी जावे. ज्यांनी अनेक नकार ऐकले आहेत ते पहिल्या भेटीत होकार देणार नाहीत. दुसऱ्यांदा जावे लागेल, आणि त्या वेळी वर्गातल्या ताईला बरोबर न्यावे.